मागे राहिलेल्याचा काळ

कालप्रवासाच्या कथेत काळाला स्थळाचे रूप येते. तो जगावा लागत नाही, ओलांडता येतो. जपानमधील स्क्वेअर कंपनीच्या ‘क्रोनो ट्रिगर’ (१९९५) या व्हिडिओ गेममध्ये इ. स. १००० मधील तिघे तरुण भविष्यात पोहोचतात आणि १९९९ साली जगाचा विनाश झाल्याचे त्यांना कळते. तो टाळण्यासाठी ते युगायुगांतून ये-जा करू लागतात. खेळाला अनेक शेवट आहेत आणि पुन्हा खेळून ते पाहता येतात. साहजिकच कोणतीही निवड अखेरची ठरत नाही. तिचे नैतिक ओझेही हलके होते.

या सुलभतेला छेद देते एक ऐच्छिक उपकथा. इ. स. ६०० मधील वाळवंटाचे पुन्हा अरण्य व्हावे म्हणून रोबो हा यंत्रमानव तेथेच मागे राहतो. सोबती कालयानातून १००० साली येतात, तो अरण्य उभे असते. खेळणाऱ्याच्या लेखी मध्ये काही क्षण गेलेले असतात; रोबोने मात्र ४०० वर्षे कष्टांत काढलेली असतात. संहिता ती वर्षे दाखवीत नाही, आणि त्या मौनातच काळाचे खरे मोल जाणवते. इतिहास प्रवासी बदलतात, असे कथानक सांगत राहते. अरण्य मात्र थांबलेल्याने वाढवलेले असते.