मोहगावच्या वाटेवरील मैदाने

नाताळच्या सुटीत आमचा चौदा वर्षांचा भाचा अमेरिकेहून नागपुरास आला, तेव्हा त्याच्या सामानात कपड्यांखाली पाच रंगीत तबकड्या जपून ठेवलेल्या निघाल्या. मोहगावास आत्याबाईंच्या भेटीस जावयाचे ठरताच त्याने पहिला प्रश्न केला, "मामा, वाटेत मैदाने किती लागतात?" वाटेत सावनेर लागते, सौंसर लागते, संत्र्यांच्या बागा लागतात, हे आम्हांस ठाऊक होते. मैदाने मात्र आम्ही कधी मोजली नव्हती.

त्याच्या खेळाचे नाव डिस्क गोल्फ. गोल्फमध्ये चेंडू काठीने मारून खळग्यात घालतात. येथे हाताने तबकडी फेकून ती खांबावरील टोपलीत घालावयाची. टोपलीच्या वर लोखंडी साखळ्या लोंबत असतात. तबकडी त्यांवर आदळली की तिचा वेग मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. जो कमीत कमी फेकींत सर्व टोपल्या पूर्ण करील, तो जिंकला. एका फेरीत बहुधा नऊ किंवा अठरा टोपल्या असतात.

खेळ तसा फार जुना नाही. कनेक्टिकट राज्यातील फ्रिस्बी नावाच्या बेकरीच्या रिकाम्या पत्र्याच्या थाळ्या विद्यार्थी गंमत म्हणून फेकीत असत. पुढे प्लॅस्टिकची तबकडी निघाली आणि १९५७ साली व्हॅम-ओ कंपनीने ती बाजारात आणली. त्याच कंपनीत काम केलेले एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले. साखळ्यांची टोपली हीही त्यांचीच कल्पना. २००२ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा तबकड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळण्यात आली. आज जगात अशी मैदाने पंधरा हजारांहून अधिक आहेत. पुष्कळशी सार्वजनिक उद्यानांत आहेत आणि तेथे खेळावयास पैसे पडत नाहीत.

भाचा सांगू लागला, की त्यांच्याकडे मोटारीने लांबच्या प्रवासास निघावयाचे झाले की घरातील मंडळी आदल्या रात्री नकाशा घेऊन बसतात. सकाळी ताजेतवाने असताना कठीण मैदान घ्यावयाचे, दुपारी सावलीचे. धाकटी मुले बरोबर असली तर नऊच टोपल्यांचे. उघड्या टेकडीवर दुपारचा वारा फार असतो, म्हणून तेथे सकाळीच जावयाचे. हे सारे ऐकून आमच्या मुलीने विचारले, "पण आपल्या वाटेवर टोपल्याच नाहीत, मग निवडावयाचे काय?" त्यावर भाच्याजवळ उत्तर तयार होते. टोपल्या निघण्यापूर्वी लोक झाडे आणि खांब हीच निशाणे मानून खेळत असत. आपणही तसेच करू.

त्या रात्री दोघांनी फोनवरील नकाशात चार ठिकाणे हेरली : सावनेरपुढील रस्त्याकडेची एक झाडी, सौंसरजवळ सरळ ओळींत लावलेली झाडे, मोहगावचे आत्याबाईंचे शेत, आणि पांढुर्ण्यास जाम नदीचे रुंद, फिकट दिसणारे पात्र. शेवटच्या ठिकाणाभोवती भाच्याने दोनदा बोट फिरविले. "हे सर्वांत उत्तम. ना शेत, ना बाग, ना कुंपण!" आम्ही त्या वेळी काहीच बोललो नाही. न बोलण्यात आमची चूक झाली, हे पुढे कळले.

सावनेरास रस्त्यास दोन फाटे फुटतात. एक केळवदवरून पांढुर्ण्याकडे जातो, दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याकडे. आम्ही सौंसरचा धरला. हेरलेली झाडी मोठी डौलदार होती. परंतु तिच्या पाठीमागूनच मालमोटारींची रांग चाललेली. भाच्याने एकवार पाहिले आणि स्वतःच मान हलविली. फेकलेली तबकडी वाऱ्याने कोठे वळेल याचा नेम नसतो. निशाणाच्या पाठीमागे रस्ता असेल तर ते मैदान नव्हेच. पहिले ठिकाण असे न खेळताच गेले.

पुढे राज्याची सीमा लागली. पाट्या हिंदीत झाल्या, परंतु चहाच्या टपरीवरची बोली काही बदलली नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर-वऱ्हाडचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली त्याच छिंदवाड्यातून सौंसर व पांढुर्णा हे तालुके काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. सीमा अशा हलल्या तरी या भागातील घराघरांत मराठीच नांदते आणि नागपुराशी सोयरीकही तशीच चालू आहे.

सौंसरजवळील ती सरळ ओळींतील झाडे म्हणजे अर्थातच संत्र्याची बाग. आंबिया बहाराची फळे उतरून गेली होती. मृग बहाराची, फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडावयाची फळे झाडांवर अर्धी हिरवी लटकत होती आणि ओझ्याने वाकलेल्या फांद्यांना बांबूंचे टेकू दिलेले होते. बागेत चिटपाखरू दिसेना. दोन ओळींमधील पट्टा इतका नीटनेटका, की आम्हां मोठ्यांनाही मोह आवरला नाही. तिसऱ्याच फेकीस तबकडी तिरपी झाली, एका टेकूवर आदळली, टेकू निसटला आणि पाच फळे खाली आली.

तोच झाडांआडून एक बाई पुढे आल्या. आम्ही ओशाळून पैसे पुढे केले. त्यांनी ते घेतले नाहीत. टेकू पुन्हा जागेवर बसवीत त्या म्हणाल्या, "पाच फळांनं काई बाग बुडत नाई जी. पन विचारलं असतं तं त्या अंगाले मोकळी जागा होती, ते म्याच दाखवली असती." शेवटी त्यांनीच ती हिरवी फळे मुलांच्या ओंजळीत घातली. मोटारीत पुढची दहा मिनिटे कोणी बोलले नाही. भाच्याने मात्र आपल्या वहीत गुणांच्या जागी एवढेच लिहिले : "आधी विचारणे."

मोहगाव हे सौंसर तालुक्यातील जुने गाव. येथील अर्धनारीश्वराचे देऊळ प्रसिद्ध असून लांबलांबची माणसे दर्शनास येतात. आत्याबाईंचे घर गावाच्या कडेस. मागे शेत आणि शेताच्या बांधावर मोहाची चार जुनी झाडे. आम्ही या वेळी आधी विचारले. आत्याबाई हसल्या. "आता खेळा ना, कोन नाई म्हनते? चैतात आले असते तं एक पाऊल ठेवू देल्लं नसतं." चैत्राच्या सुमारास मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचता यावीत म्हणून झाडाखालची जागा आधीच झाडून स्वच्छ करितात, आणि कोणत्या झाडाची फुले कोणी वेचावयाची हेही ठरलेले असते. आम्हांस जी मोकळी माती दिसत होती, तिचे वर्षाचे वेळापत्रक असे पूर्वीपासून आखलेले होते.

झाडाच्या खोडावरच तबकडी मारावयाची असा मुलांचा बेत होता. "तिच्या अंगाले कायले मारता?" असे म्हणून आत्याबाईंनी फुले वेचावयाची बांबूची टोपली आणली आणि ती खालच्या फांदीस टांगून दिली. पहिल्या दोन तबकड्या टोपलीच्या काठास लागून बाहेर उडाल्या. साखळ्यांविना टोपली तबकडी धरीत नाही, असे भाच्याने समजावून सांगितले. तेव्हा आत्याबाई गोठ्यात गेल्या आणि बैलांची घुंगरे लावलेली साखळी घेऊन आल्या. ती टोपलीवर सोडल्यावर खेळ खरोखर जमला. एकाच टोपलीकडे नऊ निरनिराळ्या ठिकाणांहून फेकून आम्ही नऊ टोपल्यांची फेरी पुरी केली. जवळची फेक वीस पावलांची, लांबची ऐंशी. शेजारची मुले आली. त्यांना दोन नियम शिकविले. ज्याची तबकडी टोपलीपासून सर्वांत लांब पडली असेल त्याने प्रथम फेकावयाचे, आणि पुढची वाट मोकळी झाल्याखेरीज कोणीही हात उचलावयाचा नाही. आत्याबाईंची चौथी तबकडी साखळीवर आदळून आत पडली, तेव्हा गोठ्यातील बैलांनी घुंगरांच्या आवाजाकडे माना वळविल्या.

"आता उद्या पांढुर्णा!" भाचा म्हणाला, "जामच्या पात्रात!" आत्याबाईंच्या हातातील साखळी थांबली. त्यांचा मुलगा, आमचे आतेबंधू, पांढुर्ण्यास राहतात. क्षणभराने त्या म्हणाल्या, "त्याले विचारूनच खेळा."

दुसऱ्या दिवशी आतेबंधू आम्हांस जामच्या पुलावर घेऊन गेले. या काठास पांढुर्णा, त्या काठास सावरगाव. मध्ये हिवाळ्याचे उथळ पाणी आणि जिकडेतिकडे वाटोळे दगड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे गोटमार होते. पात्रात मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. पांढुर्ण्याच्या लोकांनी तो काढावयाचा, सावरगावच्या लोकांनी राखावयाचा, आणि दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगडांचा वर्षाव करावयाचा. झेंडा हाती आला की तो चंडीमातेच्या देवळात नेतात आणि मार थांबतो. पांढुर्ण्याच्या एका तरुणाने सावरगावची मुलगी पळवून नेली, नदी ओलांडताना त्या दोघांवर दगड पडले आणि तेव्हापासून ही रीत पडली, अशी कथा सांगतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. आजवर अनेकांचे प्राणही गेले आहेत. त्या दिवशी काठावर डॉक्टर आणि रुग्णवाहिका आधीच उभ्या करून ठेवाव्या लागतात.

"मग कोणी थांबवीत का नाही?" आमच्या मुलीने विचारले.

"रबरी चेंडू ठेवून पाह्यले ना सरकारनं. लोकायनं दगडच उचलले." आतेबंधूंनी टोपी मागे सारली. उजव्या भुवईवर एक जुना, पांढुरका व्रण होता. आम्ही तो इतकी वर्षे पाहत आलो होतो, आणि बैलाने मारले असेल असेच समजत होतो. "वीस वर्साचा होतो. ज्यानं मारला तो कोन, मले ठाऊक नाई. बाजारात त्याच्याच जवळून भाजी घेत असन. दुखनं दहा दिसांत गेलं." ते थोडे थांबले. "पन माह्याही हातात दगड होता जी. मीही फेकला. तो कोनाले लागला, ते मले आजवर कळलं नाई."

पुलावर बराच वेळ कोणी बोलले नाही. भाच्याची तबकडी त्याच्या हातातच होती. त्याच्या मनात काय चालले होते ते आम्हांस दिसत होते. आमच्याही मनात तेच होते. जेथे दगड फेकतात तेथेच आपण ही हलकी तबकडी फेकून दाखवावी, गावास एक वेगळा खेळ दाखवावा, असे वाटून गेले. परंतु एका दिवसाच्या पाहुण्यांनी दाखवून द्यावे आणि गावाने शिकावे, इतके ते सोपे नाही. ज्या माणसाचा दगड या पाण्यावरून गेला तो आमच्या शेजारी उभा होता आणि तो काही शिकविण्याच्या भरात नव्हता.

"मामा, आम्ही इथे खेळलो तर चालेल?" भाच्याने अखेर विचारले.

"चालन ना. खेळाले मनाई नाई बाबू. पन मी खाली येनार नाई."

भाच्याने तबकडी पिशवीत घातली. "मग आम्हीही नाही," तो म्हणाला. आम्ही आतेबंधूंच्या घरी चहा घेतला आणि केळवदच्या रस्त्याने नागपूर गाठले. चार मैदाने निवडली होती, त्यांतील एकच खेळून झाले. आणि जे नकाशात सर्वांत उत्तम वाटले होते, ते शेवटी सोडावे लागले. या हिशेबाने प्रवास फसला असे भाच्यास वाटेल म्हणून आम्ही भीत होतो. त्याने वहीत चार ठिकाणांची नावे पुन्हा लिहून पांढुर्ण्यापुढे गुणांची जागा कोरी ठेवली, आणि रात्री आईला फोन करून सर्वांत अधिक तो त्याविषयीच बोलला.

वाचकांपैकी कोणी मुलांना घेऊन असे प्रवासास निघणार असतील, तर तबकडी जरूर बरोबर घ्यावी. तिला जागा लागत नाही, आणि म्हाताऱ्यापासून लेकरापर्यंत सर्वांना ती फेकता येते. निशाणाच्या मागे रस्ता किंवा घर नसावे, फळांची बाग तर नसावीच. वारा पाहावा, सावली पाहावी. हे नकाशावरून व डोळ्यांनी कळते. परंतु ती जागा कोणाची आहे आणि तेथे पूर्वी काय घडले आहे, हे तेथल्या माणसास विचारल्याखेरीज कळत नाही. आम्ही आतेबंधूंना आजवर कधी विचारलेच नव्हते. भाच्याच्या खेळामुळे तेवढे झाले.

परवा आत्याबाईंचा फोन आला होता. टोपली अद्याप मोहाच्या फांदीस टांगलेली असून शेजारची मुले तबकडीच्या जागी जुन्या डब्याची झाकणे फेकून खेळतात. साखळी मात्र त्यांनी काढून पुन्हा बैलास बांधली आहे. आणि चैत्रात फुले गळू लागली की टोपलीही आपल्याला लागेल, असे त्यांनी मुलांना आधीच सांगून ठेवले आहे.