दस्तऐवज आणि वहिवाट

म्हसळा हा पूर्वीच्या जंजिरा संस्थानचा एक महाल, आणि ते संस्थान १९४८ साली विलीन झाले असले तरी त्याच्या अमलातले कागद इथल्या पुष्कळ घरांच्या माळ्यांवर अजून रुमालात बांधलेले आहेत. माझे शेजारी तलाठ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक वृद्ध कोकणी मुसलमान गृहस्थ. मी त्यांना चाचा म्हणतो, आणि ते मला, एका ख्रिस्ती धर्मशास्त्र-विद्यालयात तीस वर्षे अध्यापन केल्याच्या पुण्याईवर, मास्तर म्हणतात. गेल्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी त्यांच्या पडवीत आम्ही बसलो असता मुंबईला नोकरी करणारा एक तरुण आपल्या आजोबांच्या नावचे, सुपारीच्या एका वाडीचे खरेदीखत घेऊन आला. चाचांनी चष्मा कपाळावर सारून कागद डोळ्यांशी नेला, मुद्रांक पाहिला, चतुःसीमा एकेक करून बोटाने वाचल्या, साक्षीदारांच्या अंगठ्यांच्या निशाण्यांवर क्षणभर थांबले, आणि घडी पूर्ववत करून कागद त्याच्या हाती देत म्हणाले, “कागद अस्सल आहे, बाळा. पण वाडी शिंपतो कोण?” मुलगा गप्प राहिला. वाडी शिंपणारा त्याला ठाऊक नव्हता, आणि वाडीची वाट त्याने एकदाच, लहानपणी, वडिलांचा हात धरून तुडवली होती.

तो गेल्यावर चाचांनी मला सातबाऱ्याचे मर्म सांगितले. सात नंबरचा नमुना म्हणजे जमीन कोणाची याचा लेख, आणि बारा नंबरचा नमुना म्हणजे त्या जमिनीत काय पिकले याची पाहणी. पहिला एकदा नोंदला की फेरफार होईपर्यंत तसाच राहतो, दुसरा मात्र दर साली नव्याने भरावा लागतो. “मास्तर, सातावर नाव असून बारा कोरा, असे किती उतारे मी माझ्या हाताने लिहिले असतील!” असे म्हणून ते हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण ज्या विषयावर मी आयुष्यभर व्याख्याने दिली त्याचा इतका नेमका दृष्टान्त मला एकाही ग्रंथात आढळला नव्हता.

धर्मसुधारणेनंतरच्या प्रॉटेस्टंट पंडितांनी विश्वासाचे तीन घटक मानले. पहिला ज्ञान, म्हणजे ख्रिस्ताविषयी जे सांगितले जाते ते कळणे. दुसरा संमती, म्हणजे ते खरे आहे असे बुद्धीने मान्य करणे. आणि तिसरा भरवसा, म्हणजे मान्य केलेल्या गोष्टीवर आपला सारा भार टाकणे. पहिले दोन घटक असून तिसरा नसेल तर तो विश्वास तारक नव्हे, हे सांगताना आम्ही अध्यापक याकोबाच्या पत्राचा हवाला देतो, कारण देव एक आहे हे भुतांनाही मान्य असून ती केवळ थरथरतात, असे त्या पत्रात म्हटले आहे. एका तोंडी परीक्षेत, हे तिन्ही घटक बिनचूक सांगून झाल्यावर, एका विद्यार्थ्याने मलाच विनयपूर्वक विचारले, “गुरुजी, तिसरा घटक आपल्याला केव्हा लाभला?” मी त्याला जॉन वेस्ली यांची हकीकत सांगितली: ते धर्मोपदेशक होते, अमेरिकेत मिशनकार्यही करून आले होते, तरी २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत रोमकरांस पत्राला लूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असता त्यांच्या अंतःकरणाला प्रथमच ऊब जाणवली. तारीख, स्थळ, प्रसंग, सारे बरोबर होते. फक्त ते माझे नव्हते. विद्यार्थ्याने मान लववली आणि मी पुढचा प्रश्न विचारला.

महाराष्ट्रात हा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहिला, याचे कारण इथे ख्रिस्ती धर्म प्रथम वादाच्या रूपाने आला. म्हसळ्याच्या दक्षिणेस, सावित्रीच्या मुखाशी, बाणकोट आहे. स्कॉटिश मिशनऱ्यांचे या प्रांतातले पहिले ठाणे तिथे १८२३ साली पडले. पुढे मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू पंडित मोरभट दांडेकर यांचे जाहीर वाद झाले. दोन्ही पक्षांची समजूत अशी की प्रतिपक्षाचे प्रमाण खंडित केले म्हणजे त्याचे मन आपल्या बाजूला येते. परंतु बुद्धीची संमती आणि मनाचा भरवसा यांत किती वर्षांचे अंतर असू शकते, याची साक्ष पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती मराठी माणसांनी स्वतःच देऊन ठेवली आहे. १८५४ साली बेळगावला बाप्तिस्मा घेणाऱ्या बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला दिसते, की जे बुद्धीला पटले होते ते आचरणात उतरविण्यापूर्वी त्यांना दीर्घकाळ स्वतःशीच झगडावे लागले. काशीच्या पंडितमंडळात वाढलेले नीलकंठशास्त्री गोरे, जे पुढे नेहेम्या गोरे झाले, यांनी षड्दर्शनांचे खंडन करणारा ग्रंथ लिहिला. ज्यांच्या युक्तिवादाने इतरांच्या शंका फिटल्या, त्या गोऱ्यांना स्वतःला मात्र शंकांनी जन्मभर गाठले. त्यांना मी लहान लेखत नाही. शंका असूनही वाडी सोडून न जाणे हीदेखील एक वहिवाटच आहे.

परंतु या विषयातली सर्वांत बोलकी साक्ष पंडिता रमाबाईंची. शास्त्रांच्या पाठान्तरावर वाढलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेली ही स्त्री १८८३ साली इंग्लंडला गेली, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे तिने व तिच्या लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. तिची बुद्धी वळविण्यात गोऱ्यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता. बाप्तिस्म्यानंतरही तिने कोणाचे अधिकारवचन मुकाट्याने स्वीकारले नाही; त्रैक्यासारख्या सिद्धान्तावर वाँटेजच्या मठातल्या भगिनींशी आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी तिने जो पत्रव्यवहार केला, तो वाचताना एखादा कसलेला वकील प्रतिपक्षाचा दस्तऐवज तपासत आहे असे वाटते. आणि तरीही १९०७ साली लिहिलेल्या आपल्या निवेदनात याच रमाबाईंनी कबूल केले, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षेपर्यंत मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता.

त्यांना जाग आणणाऱ्या पुस्तकांत विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन होते, आणि त्याची हकीकत मोठी विलक्षण आहे. कॉर्नवॉलमधील आपल्या चर्चमध्ये १८५१ साली प्रवचन करीत असता, दुसऱ्यांना जे सांगतो आहोत ते आपल्याला स्वतःलाच लाभलेले नाही हे त्याला व्यासपीठावर उमगले, आणि स्वतःच्याच प्रवचनाने त्याचे परिवर्तन झाले. जो दस्तऐवज तो वर्षानुवर्षे मोठ्याने वाचून दाखवीत होता, त्यावर आपलेही नाव आहे, हे त्याने त्या दिवशी प्रथम पाहिले.

उलट दिशेने आलेली माणसेही आहेत. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पतीचा एकही युक्तिवाद त्यांना ख्रिस्ती करू शकला नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचणारास ठाऊक आहे, की जातिभेद देवाने केला की माणसाने, एवढ्या एकाच प्रश्नावर त्यांचा त्यांनीच विचार केला, तो माणसाने केला असे ठरविले, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास प्रारंभ केला. सिद्धान्त मागाहून आला. १९०० साली बाप्तिस्मा झाला तोपर्यंत ओंजळ पुढे होऊन गेली होती. चाचांच्या भाषेत सांगायचे तर बाईंचा बारा आधी भरला आणि सातावर नाव नंतर चढले.

यावरून भाव तेवढा खरा आणि ज्ञान फोल, असा निष्कर्ष काढण्याचा मोह भाविकांना फार होतो, आणि माझा विरोध आहे तो इथेच. केवळ वहिवाटीवर बसलेल्या माणसाच्या दारी पहिला दावा आला की तो गडबडतो, कारण आपण ही जमीन कोणाकडून, कशी आणि कोणत्या सीमांनी घेतली, हे त्याला सांगता येत नाही. उमाळ्याने आलेला विश्वास उमाळा ओसरला की जातो. आणि ज्याला आपल्या विश्वासाची चतुःसीमा माहीत नाही, त्याला कोणीही गोड आवाजाचा उपदेशक दुसऱ्याच्या वाडीत नेऊन बसवू शकतो. १९०५ साली रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात भावनेची प्रचंड लाट आली, शेकडो स्त्रिया-मुली प्रार्थनेत रडल्या. परंतु रमाबाईंनी त्या लाटेवर संस्था तरती ठेवली नाही. तिथली शाळा, शेत आणि छापखाना चालूच होते.

चाचांच्या पडवीतून घरी येताना मला त्या विद्यार्थ्याचा प्रश्न पुन्हा आठवला. त्याला तारीख हवी होती, आणि तारीख खरेदीखताला असते, वहिवाटीला नसते. वहिवाट दर साली, पीक पाहून, नव्याने लिहिली जाते. तो आज समोर असता तर मी त्याला वेस्ली सांगितला नसता; ‘यंदाचे विचार,’ असे म्हटले असते, आणि यंदाच्या रकान्यात लिहिण्याजोगे फार थोडे आहे, हेही कबूल केले असते.

रमाबाईंनी आपल्या रकान्यात काय भरले ते सर्वांसमोर आहे. ख्रिस्त सापडल्यावर त्यांनी ग्रंथ मिटून ठेवला नाही. उलट उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून, मूळ दस्तऐवजच हाती घेऊन, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि अनेक वर्षे चालविले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांचे निधन झाले. ते बायबल मुक्तिसदनाच्या छापखान्यातून, तिथल्याच स्त्रियांच्या हातून, १९२४ साली छापून बाहेर पडले.