सोलंगचा चढ आणि एक रबरी बेल्ट

मे महिन्यात इंदूर तापलं की आपल्यातली बरीच कुटुंबं मनालीची वाट धरतात. मनालीहून साधारण चौदा किलोमीटर पुढे सोलंगचं खोरं लागतं. उंची सुमारे अडीच हजार मीटर, बाजूला देवदारांचं रान आणि समोर बर्फाची शिखरं. हिवाळ्यात इथे स्कीइंग चालतं, स्नो स्कूटर धावतात. उन्हाळ्यात बर्फ वर सरकतो आणि मोकळ्या उतारावर जत्राच भरते. रोपवे, पॅराग्लायडिंग, घोडे, भाजलेली कणसं आणि मुलं जिच्यासाठी हमखास हट्ट धरतात ती चार फुगीर चाकांची एटीव्ही.

ही गाडी मुळात शेतावर, कुरणात, जंगलात राबण्यासाठी बनली. मोटरसायकलसारखं हॅण्डल असतं, पण अ‍ॅक्सिलरेटर मुठीत नसून उजव्या अंगठ्याखाली असतो. कित्येक एटीव्ही एकाच माणसासाठी असतात आणि तशी सूचनाही गाडीवर चिकटवलेली असते. सोलंगला मात्र पुढे पर्यटक, मागे गाडीवाला आणि मध्ये एखादं लेकरू, असं ओझं घेऊन ती दिवसभर चढते. चढ, वर दोन फोटो, उतार, की पुढचं गिऱ्हाईक. थंड व्हायला फुरसतच नाही.

आम्ही गेलो त्या दुपारी देवदारांच्या वासात मध्येच जळक्या रबराचा वास आला. चढावर एक गाडी थांबली होती. इंजिन चालू होतं, पण चाकं हलत नव्हती. गाडीवाल्या मुलाने प्रवाशांना उतरवलं, चाकांमागे दगड लावले आणि बाजूचं झाकण उघडलं. आतून काळी भुकटी आणि तुटलेल्या बेल्टचे धागे निघाले. पुलीच्या दांड्याला गुंडाळलेला एकेक धागा त्याने चिमट्याने ओढून काढला. अर्ध्या-पाऊण तासाने नवा बेल्ट बसला. माझं काम सॉफ्टवेअरचं, पण बीईची सवय जात नाही. मी शेजारी उभा राहून पाहत होतो. तो म्हणाला, "सर, तेज चलाने से बेल्ट कम जाता है, डरते-डरते चढ़ाने से ज़्यादा जाता है।"

ऐकायला उलटं वाटतं, पण यंत्राच्या दृष्टीने ते अगदी खरं आहे. अशा गाडीत गिअर बदलावे लागत नाहीत. इंजिनाकडे एक पुली, चाकांकडे दुसरी आणि दोन्हींमध्ये व्ही आकाराचा रबरी बेल्ट. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन निमुळत्या तबकड्या. इंजिनाचे फेरे वाढले की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, तबकड्या जवळ येतात आणि बेल्ट घट्ट पकडला जातो. तो पुढच्या पुलीवर वर चढतो, मागच्या पुलीत खाली उतरतो आणि गाडी आपोआप वरच्या गिअरला जाते.

सगळी मदार त्या पकडीवर. नवखा माणूस चढावर घाबरून अंगठा अर्धवट दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. फेरे कमी, म्हणून पकड ढिली, आणि ओझं मात्र पूर्ण. मग पुली बेल्टवर नुसती घासत राहते. ज्या गाड्यांत वेगळा सेंट्रिफ्युगल क्लच असतो, तिथे बेल्टऐवजी क्लचचे शू घासतात. दोन्हीकडे उष्णता तयार होते आणि रबराचा सगळ्यात मोठा शत्रू तीच. त्यात सोलंगची हवा इंदूरच्या मानाने जवळजवळ एक पंचमांश विरळ. इंजिनाची ताकद कमी पडते आणि बेल्टला थंड करणारा वाराही कमी मिळतो.

उपाय साधा आहे. चढ सुरू होण्याआधी गाडी पूर्ण थांबवून दांडा 'एल'वर टाकायचा आणि मग अंगठा न कचरता, एकसारखा दाबायचा. 'एल'मध्ये तीच चढण बेल्टवर कमी ताण टाकून पार होते. ओढ्यातून जाताना झाकणात पाणी शिरलं तरी बेल्ट घसरतो; तेव्हा न्यूट्रलमध्ये इंजिन थोडं चढवून तो सुकवावा लागतो. नवा बेल्ट सुरुवातीला बेताने वापरावा, म्हणजे तो पुलीत नीट बसतो. पण सीझनमध्ये दारात रांग असताना तेवढा धीर कोण धरणार? बेल्टचा खर्च, वर बुडालेल्या फेऱ्या, आणि कमाईचे महिने मोजकेच. त्या मुलाची घाई मला समजत होती.

तरी मला काळजी वाटली ती उताराची. बेल्ट तुटला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध संपतो. उतारावर इंजिनाचा जो आधार मिळतो तो एका क्षणात जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून मुलांना बसवण्याआधी दोन मिनिटं काढावीत. जळका वास येतोय का? सुटताना गाडी धक्के देते का? इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, असं होतंय का? ही झिजलेल्या बेल्टची किंवा क्लचची लक्षणं आहेत. शंका आली तर दुसरी गाडी मागावी. आणि एका गाडीवर तिघांनी बसू नये, हे तर आलंच.

हा बेल्ट आपल्या इंदूरकरांना मुळीच परका नाही. १९८४ साली आलेली कायनेटिक होंडा आपल्या शेजारच्या पिथमपूरला बनायची आणि तिच्यातही हीच रचना होती. आमच्या बाबांकडे ती होती. आज घराघरांत असलेल्या बिनगिअरच्या स्कूटरमध्येही असाच बेल्ट आणि सेंट्रिफ्युगल क्लच असतो. पावसाळ्यात महेश्वरहून परतताना जाम गेटच्या घाटात डबलसीट स्कूटर रांगत चढवणारी आपली मुलं नकळत तेच करतात, जे सोलंगचे पर्यटक करतात. स्कूटरला तर 'एल'ही नसतो. तेव्हा ओझं कमी ठेवा, चढावर अ‍ॅक्सिलरेटरशी चाळा करू नका, वास आला तर सावलीत थांबून गाडी निवू द्या. आणि सर्व्हिसिंगला गाडी टाकाल तेव्हा फक्त ऑइल बदलून घेऊ नका. झाकण उघडून बेल्ट दाखवायला सांगा. कडा चकाकत असतील, भेगा किंवा सुटलेले धागे दिसत असतील, तर पुढच्या घाटाच्या आधीच तो बदलून घ्या.