परसांतील भिंत

नांदेडला घर बांधलें तेव्हां परसाची जागा उतरती आहे याचें मला भूषणच वाटलें होतें. सपाट अंगणांत काव्य तें काय! पहिल्याच पावसाळ्यांत तें काव्य वाहूं लागलें. तुळशीवृंदावनापाशीं भेग पडली आणि पारिजातक मुळें उघडीं टाकून खालच्या गल्लीकडे कलला. उताराच्या कडेस तीन फूट उंच भिंत घालून माती थोपविणें प्राप्तच झालें.

माझा ओढा दगडाकडे. आमच्या मराठवाड्यांत काळ्या पाषाणाला काय तोटा? औशाचा नि उदगीरचा किल्ला पाहावा. शिवाय सेवानिवृत्त मनुष्याला स्वतःच्या हातांनीं कांहीं तरी रचण्याची हौस असते. परंतु 'दगड' हा शब्द कानीं पडतांच सौभाग्यवतींनीं हातांतील काम खालीं ठेविलें. त्यांचें माहेर औसा तालुक्यांतील. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपतिविसर्जनाच्या दुसऱ्याच पहाटे, किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें गेलीं, त्यांत सौ.ची आजी घरच्याच भिंतीखालीं गेली. मीं वाद घातला नाहीं. सिमेंटचे तयार ठोकळे आणविले आणि गवंड्यांकडून चार दिवसांत रेखीव भिंत उभी करून घेतली.

ती दोन पावसाळे टिकली. ठोकळ्यांचा यांत दोष नव्हता, हें कबूल केलें पाहिजे. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत आक्रसून भेगाळते. त्या फुगण्याला मागें जागा नव्हती, आणि पाणी बाहेर पडावयास एक भोंकही आम्हीं ठेविलें नव्हतें. भिंतीनें प्रथम पोट पुढें काढलें व एके रात्रीं ती आडवी झाली.

तो ढिगारा पाहावयास एक वृद्ध पाथरवट आला. भूकंपानंतर लातूरकडे घरें उभारण्याच्या कामावर तो पुष्कळ दिवस होता. सौ.ची भीति ऐकून तो म्हणाला, "माय, दगडानं घात केला न्हाई. भिंत दोन हात जाड, पन ती एक न्हवती. पाठीला पाठ लावून दोन उभ्या, मधी निस्ती माती नि कपऱ्या. दोघींना धरून ठेवनारा लांब दगडच न्हवता. भुई हलली तशी एक इकडं गेली, एक तिकडं."

सौ. बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं विचारिलें, "असे लांब दगड किती लागतील?"

काम मीं केलें. पाथरवट बाजेवर बसून चुका दाखवी. मागची काळी माती हातभर काढून तेथें खडी व मुरूम भरला. पाया दोन फूट रुंद, वर निमुळती होत जाणारी आणि मातीकडे किंचित् रेललेली अशी ती रचाई. चुना नाहीं, सिमेंट नाहीं. प्रत्येक थरांत तीन-तीन फुटांवर एक लांब दगड आरपार, व त्यावर सौ.ची खडूची खूण. खूण झाल्यावांचून पुढचा थर नाहीं! ठोकळ्यांच्या चार दिवसांऐवजीं दीड महिना लागला, एक नख काळें पडलें, आणि लांब दगडांच्या किमतीमुळें बचत म्हणावी तर तीही झाली नाहीं. याहून उंच भिंत असती तर मीं इंजिनियरला विचारल्यावांचून दगडाला हात लावला नसता.

गेल्या आषाढांत तीन दिवस झड लागली. रात्रीं आम्हीं दोघें विजेरी घेऊन परसांत गेलों. सांध्या-सांध्यांतून पाणी निथळत होतें. खडूच्या खुणा केव्हांच धुऊन गेल्या होत्या, परंतु सौ. भिंतीवरून हात फिरवीत चालल्या होत्या, आणि प्रत्येक लांब दगडापाशीं थांबत होत्या.