पुढच्या बाजारी या

1984 साली तालुक्याच्या गावी मी दातांचा दवाखाना टाकला. तेव्हा जिना चढतानाच लवंगेच्या तेलाचा वास यायचा. त्यात मिसळलेला दुसरा उग्र, घशात खवखवणारा वास फॉर्मोक्रेसॉलचा. फॉर्माल्डिहाइड आणि क्रेसॉलचं ते मिश्रण. मुगाएवढा कापसाचा बोळा त्यात बुडवायचा, टिपून दाढेच्या पोकळीत ठेवायचा, वर तात्पुरतं सिमेंट भरायचं आणि सांगायचं, "पुढच्या बाजारी या."

रूट कॅनाल म्हणजे चार-पाच खेपा, हे पेशंटही धरून चालायचे. एसटीने आलेल्या मावश्या भाजीची पिशवी खुर्चीच्या पायाशी ठेवून बसायच्या. पाचव्या खेपेपर्यंत कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, सगळं मला ठाऊक झालेलं असे. त्या ओळखी आता होत नाहीत, याची हळहळ वाटते.

मुळाची नळी धुण्याचा प्रकार तर डोळ्यांसमोरून हलत नाही. उकळून घेतलेल्या काचेच्या सिरिंजने हायड्रोजन पेरॉक्साइड सोडलं की दाढेतून पांढरा फेस फसफसत वर यायचा, त्याबरोबर कुजलेल्या नसेचे कण. कंपाउंडरकाका पेशंटसमोर आरसा धरून म्हणायचे, "बघा, घाण निघतीय." मग सोडियम हायपोक्लोराइट, पुन्हा पेरॉक्साइड, असं एकाआड एक. अमेरिकेतल्या लुई ग्रॉसमनच्या पुस्तकातून ही रीत आमच्यापर्यंत आली होती. शेवटची धुणी मात्र हायपोक्लोराइटचीच, नाहीतर आत कोंडलेला वायू रात्रभर दाढ ठणकवायचा. शेवटी कागदाची बारीक वात आत घालून ओल टिपायची आणि ती नाकाशी नेऊन हुंगायची. वास आला की पुन्हा बोळा, पुन्हा पुढचा बाजार.

आमची सगळी भिस्त त्या बोळ्यावर होती. धुणं ही नुसती पूर्वतयारी वाटायची. हायपोक्लोराइटची पांढऱ्या काचेची बाटली मी उजेडाच्या खिडकीत ठेवत असे. उजेडाने आणि उष्णतेने त्याचा जोर जातो. किती दाढा मी जवळजवळ साध्या पाण्यानेच धुतल्या असतील, या विचाराने अजून वाईट वाटतं.

खरं तर धडा फार जुना होता. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, हेन्री डेकिनने सुमारे अर्धा टक्का हायपोक्लोराइटचं सौम्य द्रावण तयार केलं आणि अलेक्सिस कॅरेलने ते रबरी नळ्यांतून सैनिकांच्या चिघळलेल्या जखमांवर पुन्हा पुन्हा सोडलं. औषध जखमेत भरून ठेवायचं नाही, ताजं घालत राहायचं. दातांच्या मुळांनाही नेमकं हेच लागत होतं.

आज माझी मुलगी त्याच दवाखान्यात काम करते. आधी रबर डॅमचा पडदा लावून दाढ तोंडापासून वेगळी काढते. तिची सुई केसासारखी बारीक, टोक बंद, छिद्र बाजूला. ती मुळाच्या टोकापासून दोनेक मिलिमीटर अलीकडेच थांबते, सुई कुठे अडकत नाही ना हे हलवून पाहते आणि तर्जनीने अगदी हळू दाबते. तेच हायपोक्लोराइट जोराने टोकाबाहेर गेलं तर तासाभरात गाल सुजून काळानिळा पडतो. त्यानंतर 17 टक्के ईडीटीए, फाइलने घासताना भिंतीवर बसलेला भुग्याचा थर उतरवायला. मग पुन्हा हायपोक्लोराइट, आणि अल्ट्रासॉनिक टोकाने ते आत घुसळायचं. घासणारी फाइल कितीही चांगली असली तरी नळीच्या भिंतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त तिला शिवत नाही, हे मायक्रो-सीटीने दाखवून दिलंय. आडवाटा, फाटे, दोन नळ्यांमधल्या चिंचोळ्या फटी, तिथे पोचतं ते फक्त वाहतं द्रावण. त्यामुळेच आता पुष्कळ दाढा एका बैठकीत होतात. क्लोरहेक्सिडिनही आलं. ते जंतू मारतं, पण मेलेली नस विरघळवत नाही, आणि हायपोक्लोराइटला भिडलं तर विटकरी गाळ धरतं. म्हणून ती दोन्हींच्या मध्ये नळी धुऊन कोरडी करते.

फॉर्मोक्रेसॉलची बाटली तिने आल्या आल्याच कपाटातून काढली. मी अडवलं नाही. ज्या फॉर्माल्डिहाइडने मी वर्षानुवर्षं बोळे भिजवले, त्याची गणना आता माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत होते.

परवा दुपारी ती नव्हती, म्हणून एक दाढ मीच घेतली. सगळं तिच्या पद्धतीने केलं. शेवटी कागदाची वात टिपून बाहेर काढली आणि तोंडावर मास्क असतानाही हात आपोआप नाकाकडे गेला. शेजारी उभी असलेली नर्स बघत राहिली. तिने हे कधी पाहिलेलंच नव्हतं.