राजाचा चितारी

आमच्या मेजासमोर स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्या तैलचित्राची एक छापील प्रत टांगली आहे. मूळ चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयांत आहे. राजा पन्नाशीला टेकलेला. काळा पोषाख, जड पापण्या, ओघळलेले गाल. मुकुट नाहीं, अलंकार नाहीं.

चित्रकार वेलास्केस १६२३ सालीं, ऐन तारुण्यांत, दरबारीं रुजू झाला. १६५२ मध्यें राजानें त्याला वाड्याचा कारभारी नेमलें. किल्ल्या, बिछायती, मुक्कामांची सोय, सारें त्याच्या माथीं आलें. १६६० सालीं राजकन्येच्या विवाहानिमित्त सरबराई करून तो फ्रान्सच्या सरहद्दीवरून परतला आणि थोड्याच आठवड्यांत वारला.

या कारभारानें किती चित्रें गिळलीं असतील, म्हणून आम्ही पूर्वीं हळहळत असूं. आमच्याही कचेरीनें आमच्या वह्या कोऱ्याच ठेविल्या होत्या ना! आतां सेवानिवृत्तीनंतर वाटतें, परक्या चिताऱ्यानें राजाच रंगविला असता; त्यांतला थकलेला माणूस तीस वर्षें जवळून पाहणाऱ्यासच दिसला. चाकरीनें त्याचा वेळ घेतला, परंतु ही नजरही तिनेंच दिली.

आमच्या चाकरीनें आम्हांस काय दिलें, हें मात्र त्या कोऱ्या वह्यांत लिहूं लागल्यावांचून कळावयाचें नाहीं.