आधी शून्य

परवा रात्री टेबलावरच्या मीटरला घरी पहिल्यांदा वीज दिली आणि वीसेक मिनिटांत खोलीत वास पसरला. तापलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या वार्निशचा, त्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या धुळीचा. "काही जळतंय का?" म्हणत बायको दारात आली. जळत काहीच नव्हतं. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या टेबलाला हाच वास होता; त्यात सोल्डरच्या राळेचा एक पदर जास्त, एवढंच.

मीटर हेवलेट पॅकार्डचा, ३४४०१ए. साडेसहा आकडी. भोसरीतल्या एका गोदामात तो ऑसिलोस्कोपच्या फुटक्या डब्यांखाली पडला होता. कुठल्याशा कंपनीच्या लिलावातला माल. "आकडे नाचतात, सर. सुट्या पार्टसाठी न्या," गोदामवाले म्हणाले. ते पिन लावायला निघाले तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि मीटर उलटा फिरवला. मागे फ्यूजच्या कप्प्याला एक इवलीशी खिडकी असते, तिच्यातून व्होल्टेज निवडलेलं दिसतं. परदेशातून आलेल्या मीटरमध्ये तिथे १२० असलं आणि आपण तो आपल्या २३० वर लावला, तर फ्यूज उडाला तरच नशीब म्हणायचं. इथे २४० होतं. मग लावला. निळसर हिरवे आकडे उजळले, आणि खरंच नाचायला लागले. पुढच्या टर्मिनलमध्ये दोन प्रोब खोचून त्यांची टोकं एकमेकांना टेकवली, तरी नाच थांबेना.

या मीटरला पुढे टर्मिनल असतात तशी मागेही असतात. कोणती वापरायची ते पुढच्या एका बटणावर ठरतं. ते बटण आत दाबलेलं होतं. मीटर मागची, कशालाही न जोडलेली टर्मिनल वाचत होता, आणि याचा आतला रोध खूप मोठा असल्यामुळे लहान रेंजवर हवेतला भटका विद्युतभारसुद्धा त्याला आकडे दाखवायला पुरतो. बटण बाहेर काढलं. आकडे शून्यावर येऊन बसले.

गप्प राहून उचलता आला असता. नाही राहिलो. "मीटर चांगला आहे, भाऊ," म्हटलं. त्यांनी दोन हजार वाढवले, मी दिले.

तर परवा रात्री तो तासभर तापत ठेवला होता. यातला संदर्भाचं व्होल्टेज देणारा झेनर डायोड स्वतःच्या छोट्या हीटरनं ऊबदार ठेवलेला असतो. तो स्थिरावून आतलं सगळं एका तापमानाला येईपर्यंत मोजण्यात अर्थ नाही. तासानंतर पहिलं काम म्हणून मी दोन टोकं एकमेकांना टेकवली, आणि अण्णांचा आवाज ऐकू आला. "आधी शून्य बघ."

अण्णांचा मीटर मोटवानेचा होता. काळा, जड, काट्याचा. ओहमवर ठेवून दोन्ही टोकं टेकवायची, काटा उजवीकडे पळाला की शून्याची गुंडी फिरवून तो बरोबर रेषेवर आणायचा, मगच मोजायचं. पाच मिनिटांपूर्वी शून्य केलेलं असलं तरी पुन्हा करायचं. काट्याखाली आरशाची पट्टी होती. "काटा आणि त्याचं प्रतिबिंब एक झालं की वाच," म्हणून ते माझं डोकं हातानं धरून काचेवर सरळ करत. त्यांच्या तळहाताची ती ऊब कानामागे अजून आहे.

हा मीटर नाशिकला बनतो याचं त्यांना कौतुक होतं. सभांमध्ये गांधीजींपुढे याच घराण्याच्या शिकागो रेडिओचे लाउडस्पीकर असत, हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं त्याची मोजदाद नाही. पुढचं मी मोठेपणी वाचलं. १९४२ च्या ऑगस्टनंतर मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सोबती ४२.३४ मीटर तरंगलांबीवर काँग्रेस रेडिओ चालवत, पोलीस माग काढू नयेत म्हणून घरं बदलत. १२ नोव्हेंबरला धाड पडली. त्या खटल्यात शिकागो रेडिओचे नानिक मोटवानेही आरोपी होते, यंत्रसामग्री पुरवल्याबद्दल. ते सुटले, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. अण्णांच्या मीटरशी याचा काही संबंध नाही, हे मला कळतं. पण त्या काळ्या डब्यावर ते नाव दिसलं की मला अंधाऱ्या खोलीत मशीनवर वाकलेली माणसं दिसतात.

अण्णांनी तो मीटर स्वतःच्या पगारातून घेतला, १९८४ साली. त्याआधी पिंपरीच्या ज्या कारखान्यात ते वायरमन होते तिथलाच मीटर वापरत. एका दुपारी एक मोठी मोटार जळाली. चालू करण्यापूर्वी अण्णांनी तिन्ही फेज मोजले होते आणि वहीत लिहिलेही होते, तिन्ही ठीक. चौकशीत ठरलं की वायरमननं नीट मोजलं नाही. मेमो मिळाला, आठ दिवसांचा पगार गेला. तो मीटर शेवटचा कधी तपासला होता, हे त्या खोलीत कुणीही विचारलं नाही. वही तपासली, माणूस तपासला, मीटर तसाच कपाटात परत गेला. मी तेव्हा नववीत होतो. तो राग माझ्यातून आजही गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

परवा रात्री हेवलेट पॅकार्डचं शून्य चांगलं आलं. शंभर मिलिव्होल्टच्या रेंजवर अर्धा मायक्रोव्होल्ट. पण शून्य बरोबर असणं ही अर्धीच गोष्ट. दहा व्होल्टला तो दहाच म्हणतो का, हे दुसऱ्या कशानं तरी बघावं लागतं, आणि त्या दुसऱ्याला तिसऱ्यानं. एके काळी ही साखळी कॅडमियमच्या वेस्टन सेलपाशी थांबे, काचेच्या नळीतल्या त्याच्या १.०१८ व्होल्टवर. १९९० पासून जगानं व्होल्ट जोसेफसन परिणामावर टेकवला आहे. अतिवाहकांच्या जोडावर ठरावीक वारंवारितेच्या लहरी सोडल्या की ठरावीक व्होल्टेज मिळतं. आपल्याकडे ती शेवटची कडी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. माझी साखळी त्या मानानं आखूड. कॅलिब्रेशनच्या धंद्यातल्या एका मित्रानं स्वतःकडे मोजून दिलेला दहा व्होल्टचा संदर्भ, त्यावर त्याच्या अक्षरात चिठ्ठी: ९.९९९८७. माझ्या मीटरनं ९.९९९९४ दाखवले. फरक सत्तर मायक्रोव्होल्ट. या रेंजवर कॅलिब्रेशननंतरच्या एका वर्षासाठी उत्पादकानं स्वतःला चारशेची मुभा घेतली आहे, आणि या मीटरच्या पाठीवरचं शेवटचं कॅलिब्रेशनचं स्टिकर २००९ चं. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही तरी हा खरं बोलत राहिला.

त्यानंतर झोप येईना. माळ्यावरून अण्णांचा मीटर काढला.

मागचं झाकण उघडलं तर सेल फुटून पाझरलेला. पट्ट्यांवर पांढरी हिरवी बुरशी, एक पट्टी बोट लावताच तुटून हातात आली. चूक माझी. अण्णा गेल्यावर मीटर फडक्यात गुंडाळून ठेवला, आतला सेल काढायचं सुचलं नाही. ओहमची बाजू गेली. म्हणजे टोकं टेकवून शून्य करणं, जे ते दिवसातून वीसदा करत, ते आता या मीटरवर होत नाही.

पण काट्याच्या मीटरला व्होल्ट मोजायला सेल लागत नाही. काटा हलवणारा प्रवाह जे मोजायचं त्यातूनच येतो. दोन्ही मीटर एकाच सॉकेटवर लावले. नवा २३१.४ म्हणाला. मग मी मान वाकवली, डोकं सरळ केलं, काटा आणि प्रतिबिंब एक होईपर्यंत थांबलो. २२९. अशा मीटरला अडीचशेच्या रेंजवर पाच व्होल्टचा फरक माफ असतो. अण्णांचा अडीचच्याही आत होता.

तुमच्याही घरात माळ्यावर कुणाचा मीटर, टॉर्च, ट्रान्झिस्टर पडला असेल. आज खाली काढा आणि त्यातले सेल काढून ठेवा.